पन्नास, अडीचशे, पाचशे

२०१७च्या जूनमध्ये दादर स्टेशनवर मी माझा बेस विकला.

घेणारा वसईचा, मी डोंबिवलीचा. वेस्टर्न आणि सेंट्रल जिथे भेटतात तिथेच आम्हीही भेटलो. मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा होता, रविवारी चर्चमध्ये वाजवायचा. प्लॅटफॉर्मवर अँप कुठून आणणार? त्याने बॅगेची चेन उघडली, बाकड्यावर बसून बेस मांडीवर घेतला, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकवला आणि एक तार छेडली. समोरून फास्ट लोकल धडधडत गेली तरी हा तसाच डोळे मिटून कान लावून बसलेला. मग म्हणाला, "दादा, घेतो."

बावीस हजार रुपये. ठाण्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं होतं, लग्नाला दोन महिने होते आणि बेसला हात लावून तीन महिने झाले होते. हिशेब बरोबर होता.

तो बेस मी २००९मध्ये पहिल्या नोकरीच्या पैशांतून सेकंडहँड घेतला होता. जपानी बनावटीचा, चार तारांचा, मानेपाशी रंग उडालेला. विकताना मनात एकच होतं : पुढे पैसे आले की असाच दुसरा घेऊ. दोन वर्षांनी पैसे आले तेव्हा शोधायला गेलो आणि कळलं की कंपनीने ते मॉडेल मी बालवाडीत असतानाच बंद केलं होतं. मी आठ वर्षं जी वस्तू वाजवत होतो ती बाजारातून केव्हाच गेलेली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

वसईच्या मुलाला फोन केला. जास्त पैसे देतो म्हणालो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "दादा, तो आता माझा झाला ना."

त्यानंतरच्या कितीतरी रात्री मी फोनवर बंद झालेल्या बेसांचे फोटो बघण्यात घालवल्या. अशा शोधाची एक गंमत असते. आपली वस्तू सापडत नाही, पण दुसऱ्यांच्या हरवलेल्या वस्तूंच्या गोष्टी सापडत जातात. त्यातली एक जॅक कॅसडीची. ती सांगण्यासाठी हा लेख.

पुढे जाण्याआधी एक विनंती. फोनला इयरफोन लावा आणि जेफरसन एअरप्लेनचं 'व्हाइट रॅबिट' ऐका. इयरफोन अशासाठी, की बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपत नाही. आपली अख्खी पिढी फोनवर गाणी ऐकते, म्हणजे अर्धं गाणं ऐकतच नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. असो. गाणं १९६७चं आहे, पण २०२१मध्ये 'द मॅट्रिक्स रिसरेक्शन्स'च्या ट्रेलरमध्ये तुम्ही ते ऐकलं असेल. सुरुवातीला गिटार नाही, गायिकाही नाही. एक बेस येतो, दबकत, एखाद्या लष्करी तुकडीने अंधारात चालावं तसा. मग ड्रम, मग गिटार आणि बऱ्याच वेळाने ग्रेस स्लिकचा आवाज. तो दबकत येणारा माणूस म्हणजे जॅक कॅसडी. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही नव्हता.

कॅसडीचा जन्म १३ एप्रिल १९४४चा, वॉशिंग्टन डी.सी.मधला. शाळकरी वयात त्याची योर्मा कौकोनेन नावाच्या मुलाशी मैत्री झाली. दोघांनी मिळून बँड काढला, त्यात जॅक गिटार वाजवायचा. बेस त्याच्याकडे नंतर आला. बेसवाल्यांच्या आयुष्यात हे नेहमीचं आहे. बेसिस्ट व्हायचं असं लहानपणी कुणी ठरवत नाही. कुणीतरी आजारी पडतो, कुणीतरी येत नाही, आणि "तू वाजवतोस का आजच्या दिवस?" या प्रश्नातून आमची जात तयार होते. १९६५मध्ये योर्मा सॅन फ्रान्सिस्कोत एका नव्या बँडमध्ये गेला आणि त्याने जॅकला बोलावून घेतलं. तो बँड म्हणजे जेफरसन एअरप्लेन.

पुढची चार वर्षं त्या शहराच्या संगीतातली सगळ्यात गजबजलेली. १९६८मध्ये जिमी हेंड्रिक्सने 'व्हूडू चाइल'चं पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, त्यात बेस कॅसडीचा आहे. १९६९च्या ऑगस्टमध्ये एअरप्लेन वुडस्टॉकला शनिवारी रात्री वाजवणार होते. कार्यक्रम लांबत लांबत त्यांची पाळी रविवारी सकाळी आली. मैफल लांबून भैरवीला उजाडणं आपल्याला नवीन नाही, पण चार-पाच लाख लोकांपुढे उजाडणं जरा वेगळं.

या सगळ्या काळात कॅसडीच्या हातात एकच बेस नव्हता. आणि त्याची गोष्ट मला वेगळी वाटते ती इथूनच.

वाद्य आणि वादक यांच्या प्रेमकथा पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा एका विशिष्ट लाकडी वस्तूच्या असतात. मोटाऊनचा जेम्स जेमर्सन एका १९६२च्या फेंडर प्रिसिजनवर वाजवायचा. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही हा त्याचा नेम. १९८३मध्ये त्याच्या मृत्यूच्या काहीच दिवस आधी तो बेस चोरीला गेला. पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर १९७२मध्ये लंडनला एका व्हॅनमधून गेला. पन्नासहून जास्त वर्षांनी तो परत मिळाल्याची बातमी २०२४च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून हळूच डोळे पुसले होते. अशा गोष्टींत माणूस म्हणतो, 'तो' बेस मला हवा. तसा नाही, तोच.

माझंही तेच होतं. वसईला गेलेला तोच.

कॅसडीचं प्रेम एका वस्तूवर नव्हतं, ते एका कल्पनेवर होतं. आणि ती कल्पना त्याची नव्हती. ती दुसऱ्याच एका म्हाताऱ्याची होती, बाजाराने नाकारलेली.

तो म्हातारा म्हणजे लेस पॉल. गिटार न वाजवणाऱ्यांनीही हे नाव टी-शर्टवर वाचलेलं असतं, पण ते एका माणसाचं नाव आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. १९१५मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी जन्मलेला हा गिटारवादक हाडाचा जुगाडू. १९४०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन नावाच्या वाद्यांच्या कारखान्यात रविवारी, कामगार नसताना जाऊन त्याने एक प्रकार बनवला. पाइन लाकडाचा चार इंची चौकोनी ओंडका, त्यावर तारा आणि पिकअप. लोकांना बघायला बरं दिसावं म्हणून दोन बाजूंना एका गिटारचे कापलेले पंख चिकटवले. त्याला तो 'लॉग' म्हणायचा, म्हणजे सरळ ओंडकाच. गिब्सन कंपनीला दाखवला तेव्हा त्यांनी हसून वाटेला लावलं. १९४८मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. हात कायमचा एकाच कोनात राहणार हे कळल्यावर त्याने डॉक्टरांना सांगितलं की गिटार धरता येईल अशाच कोनात बसवा. बसवला. १९५०मध्ये लिओ फेंडरची भरीव लाकडी गिटार बाजारात आली आणि गिब्सनचं हसू थांबलं. १९५२मध्ये त्यांनी लेस पॉलच्या नावाने गिटार काढली.

आता यात एक छोटं उपकथानक आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती गिटार, जी आज जगातल्या सगळ्यात महाग वाद्यांत मोजली जाते, ती तेव्हा खपेना. १९६०च्या सुमारास गिब्सनने तिचा मूळ आकार बंद केला. मग १९६०च्या दशकाच्या मध्यावर एरिक क्लॅप्टन आणि इतर काही जणांनी जुन्या, सेकंडहँड लेस पॉल हातात घेतल्या आणि त्यांचा तो भरदार आवाज ऐकून सगळ्या पोरांना तीच हवी झाली. बंद झालेलीच. १९६८मध्ये गिब्सनला ती पुन्हा सुरू करावी लागली.

याच वेळी लेस पॉल पुन्हा कंपनीच्या दारात आला. पण त्याला जुनं काहीच नको होतं. त्याच्या खिशात नवी कल्पना होती : लो इम्पीडन्स.

घाबरू नका, दोन मिनिटांत होईल. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज तयार होते, ती केबलमधून अँपला जाते. वेढे जितके जास्त, तितका सिग्नल मोठा. म्हणून सगळे हजारो वेढे घालतात. पण हजारो वेढ्यांचा इम्पीडन्स, म्हणजे वाहत्या सिग्नलला होणारा अडथळा, फार वाढतो. मग केबल लांब झाली की सुरातली वरची चमक वाटेतच गळते, आणि शेजारच्या ट्यूबलाइटची गुणगुणही आत शिरते. लेस पॉल म्हणत होता, वेढे कमी करा. सिग्नल लहान होईल, पण स्वच्छ राहील. लहान आहे तर ट्रान्सफॉर्मर लावून मोठा करता येतो. घाण झालेला आवाज मात्र नंतर कुणाला धुता येत नाही.

तो हे म्हणत होता कारण तो स्टेजवरचा माणूस राहिलाच नव्हता. पत्नी मेरी फोर्डबरोबर घरातच, एकावर एक आवाज चढवत रेकॉर्डिंग करण्यात त्याची उमेद गेली होती. त्याची गिटार अँपला नव्हे, थेट रेकॉर्डिंगच्या यंत्राला जोडलेली असायची, आणि त्या यंत्रांना लो इम्पीडन्सच मानवतो. त्याच्या खोलीत तो शंभर टक्के बरोबर होता. खोलीबाहेर १९६९ साल चालू होतं. तिथे पोरं मार्शलचे अँप एकावर एक रचून ते फाटेपर्यंत वाजवत होती. त्यांना घाण झालेलाच आवाज हवा होता.

गिब्सनने त्याचं ऐकलं. १९६९पासून लो इम्पीडन्सच्या गिटारी आणि बेस आले. त्याच सुमारास गिब्सनची मालकी अशा एका कंपनीकडे गेली होती जिचा मूळ धंदा इक्वेडोरमध्ये बिअर बनवण्याचा होता. मिशिगनमधल्या कलामाझूच्या कारखान्याचा तो काही सुवर्णकाळ नव्हता, असं गिटारवाले आजही नाक मुरडून सांगतात. पण त्याच काळात, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, या मालिकेतलं एक विचित्र अपत्य जन्माला आलं : लेस पॉल सिग्नेचर बेस.

विचित्र अशासाठी, की तो कुठल्याच खणात बसत नव्हता. गिब्सनचे पोकळ बॉडीचे बेस आधीही होते, पण त्यांच्या तारांची लांबी आखूड, साडेतीस इंच. आवाज गोड पण गुबगुबीत, सूर एकमेकांत विरघळणारे. फेंडरचे बेस चौतीस इंचांचे. आवाज खणखणीत, पण बॉडी भरीव लाकडाची फळी, तिच्यात हवा नाही. सिग्नेचर बेसची बॉडी आतून पोकळ, लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवलेली, तारांची लांबी मात्र फेंडरसारखी पूर्ण. आणि एकच पिकअप, तो लो इम्पीडन्स. म्हणजे कॉन्ट्राबासचं पोट आणि इलेक्ट्रिक बेसचा गळा.

तो खपला नाही. फार थोडे बनले, आणि दशक संपता संपता बंदही झाला. त्यासाठी कुणी रडल्याची नोंद नाही. लेस पॉलच्याच नावाची, १९५०च्या दशकातली जुनी गिटार मात्र लोक दुप्पट-तिप्पट पैसे देऊन शोधत होते. स्वतःच्या जुन्या कल्पनेने स्वतःच्या नव्या कल्पनेला गिळलं, असं फार थोड्या शोधकांच्या वाट्याला आलं असेल.

आता कॅसडीकडे परत येऊ. या सगळ्याशी त्याचा तोवर काही संबंध नव्हता, आणि तरीही तो दहा वर्षं त्याच दिशेने चालत होता. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडे गिल्ड कंपनीचा स्टारफायर नावाचा पोकळ बेस होता. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा ग्रेटफुल डेड या बँडच्या आसपास काही आवाजवेडे लोक जमले होते. त्यातून अलेम्बिक ही कंपनी निघाली. त्यांनी कॅसडीचा गिल्ड उघडला आणि आतलं सगळं बदललं. पिकअप कमी वेढ्यांचे, आत बॅटरीवर चालणारं सर्किट. तोच लेस पॉलचा विचार, दुसऱ्या टोकाकडून आलेला. १९७२मध्ये अलेम्बिकने स्वतःचा पहिला बेस संपूर्ण घडवला तो कॅसडीसाठीच. म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्या, सर्वांत नव्या बेसांपैकी एक या माणसाच्या हातात होता. त्याला दुकानातल्या जुन्या गिब्सनची गरज काय?

गरज योर्माने निर्माण केली, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, तसाच घ्या. १९६९पासून दोघा मित्रांनी हॉट ट्यूना नावाचा वेगळा संसार थाटला होता. त्यांची पहिली रेकॉर्ड बर्कलीच्या एका क्लबमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात केलेली आहे. त्यात योर्मा अकूस्टिक गिटार वाजवतो, जुनी ब्लूज गाणी गातो, आणि शेजारी जॅक इलेक्ट्रिक बेस वाजवतो. ड्रम नाहीत. ती ऐकाल तर कळेल की बेसवाल्याची किती अवघड जागा आहे ती. लाकडी गिटारच्या बाजूला विजेचा बेस जरा जास्त झाला तर मैफलीत ट्रक घुसल्यासारखं वाटतं, जरा कमी झाला तर तो नसतोच. तिथे हवा असतो असा आवाज जो खाली भक्कम असेल, पण ज्याच्या प्रत्येक सुराला कडा असेल. कारण कॅसडी नुसता ठेका धरत नाही. तो योर्माच्या गाण्याभोवती दुसरं गाणं विणतो. पेटीवाला गवयाच्या मागे मागे न जाता कधी त्याला अडवतो, कधी पुढची जागा दाखवतो, तसं.

हॉट ट्यूना १९७०च्या दशकाच्या अखेरीला थांबला आणि १९८०च्या दशकात पुन्हा जुळला. त्या मधल्या काळात, १९८५च्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या गिटारच्या एका दुकानात कॅसडीला तो लेस पॉल सिग्नेचर बेस भेटला. बंद होऊन पाच-सहा वर्षं झालेली. बेस जुना म्हणावा इतका जुना नाही आणि नवा तर नाहीच. वाद्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात केविलवाणी वेळ. अजून 'व्हिंटेज' झालेला नसतो, नुसता 'कुणालाही नको असलेला' असतो.

कॅसडीने तो वाजवला आणि घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर ती जेमर्सन-मॅकार्टनीसारखीच एक झाली असती. एका वादकाला एक वाद्य सापडलं, त्याने ते मरेपर्यंत जपलं. तसं करायला त्याला कुणाची हरकत नव्हती. उलट, वस्तू दुर्मीळ असणं हा संग्राहकाचा आनंदच असतो. माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, यात जी ऊब असते ती आपण सगळे ओळखतो. कॅसडी मात्र गिब्सनकडे गेला आणि म्हणाला, हा पुन्हा बनवा.

१९८६मध्ये गिब्सनची मालकी पुन्हा बदलली होती. कलामाझूचा कारखाना त्याआधीच, १९८४मध्ये बंद झाला होता. बंद झालेल्या कारखान्यातला बंद झालेला बेस, तोही मुळात न खपलेला. तो पुन्हा काढायला कोण तयार होणार? शेवटी तयार झालं ते एपिफोन.

नाव ओळखीचं वाटलं? हाच तो न्यूयॉर्कचा कारखाना, जिथे लेस पॉलने रविवारी ओंडका कापला होता. एपिफोन हे ग्रीक घराणं. स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझमीरमधून अमेरिकेत आलेल्या स्टाथोपुलो कुटुंबाचं. १९५७मध्ये धंदा खचला तेव्हा गिब्सनच्या मालकांनी तो २०,००० डॉलरला विकत घेतला. का घेतला? एपिफोनचे उभे कॉन्ट्राबास नावाजलेले होते आणि गिब्सनला त्यांची साधनं हवी होती. म्हणजे सौदा मुळातच बेससाठी झाला होता. पुढे एपिफोन हा गिब्सनचा स्वस्तातला ब्रँड झाला, उत्पादन आशियात गेलं. ज्याला गिब्सन परवडत नाही तो एपिफोन घेतो, हे आपल्याकडच्याही प्रत्येक कॉलेज बँडला पाठ असतं.

नवा बेस १९९७मध्ये बाजारात आला. त्यावर नाव जॅक कॅसडीचं. पण कॅसडीने जुन्याची हुबेहूब नक्कल करून घेतली नाही. जुन्यातलं त्याला आवडलेलं होतं ते पोकळ बॉडी आणि पूर्ण लांबीची मान. पिकअप मात्र त्याने बराच काळ बसून नव्याने घडवून घेतला. आपल्याकडे जुन्या गोष्टीवर प्रेम करणारे बहुतेक लोक तिला काचेत ठेवतात. याने ती दुरुस्त केली.

त्या बेसवर आवाज कमी-जास्त करायचा आणि धार वाढवायचा असे दोन नॉब असतात, आणि त्याखेरीज एक फिरवायचा स्विच. त्याला तीन जागा आहेत : ५०, २५० आणि ५००. हे आकडे ओहमचे, म्हणजे इम्पीडन्सचे. लेस पॉलचा सगळा हट्ट त्या एका स्विचमध्ये उतरलेला आहे. ५००वर आवाज भरलेला आणि मोठा, २५०वर मधला. ५०वर सगळ्यात लहान, आणि बोट तारेवरून उचलल्याचंही ऐकू येईल इतका स्वच्छ.

हा बेस खपला. लाखांत नव्हे, पण कंपनीने तो चालू ठेवावा इतका. कलाकाराच्या नावाने निघणारी वाद्यं सहसा दोन-चार वर्षांत गुंडाळली जातात. याला २०१७मध्ये वीस वर्षं झाली. पहिल्यांदा जो सात-आठ वर्षंही टिकला नव्हता, तो दुसऱ्या जन्मात त्याच्या कितीतरी पट जगला. लेस पॉल २००९पर्यंत हयात होता. नव्वदी ओलांडल्यावरही दर सोमवारी न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये वाजवत होता. तो आपल्या या न खपलेल्या बेसविषयी शेवटी काय म्हणाला असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. कॅसडी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्याच्या नव्या-जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघा, मांडीवर तोच सोनेरी बेस असतो. पण महत्त्वाचं म्हणजे तो 'तोच' नसतो. तो दुकानात मिळणारा आहे. उद्या चोरीला गेला तर दुसरा येईल. साठ वर्षं वाजवणाऱ्या माणसाने आपला आवाज अशा वस्तूत ठेवावा जी कुठल्याही पोराला विकत घेता येते, यात मला एक प्रकारचा बेफिकीरपणा दिसतो. मला तो जमलेला नाही.

गेल्या डिसेंबरात वसईहून फोन आला. आठ वर्षांत तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही, दाढी ठेवलीय, एका शाळेत संगीत शिकवतो. म्हणाला, "दादा, तुम्ही मागे त्या कॅसडीचं सांगत होता ना? आमच्या कीबोर्डवाल्याचा भाऊ कतारहून आलाय. घेऊन आलाय एक. सोनेरी. बघायला या."

रविवारी दुपारी गेलो. पापडीजवळचं घर, मागे केळी, पुढे क्रिसमसचा कंदील लावायचं काम चाललेलं. बेस सोफ्यावर ठेवला होता. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती त्याचा आकार. फोटोत कळत नाही, पण पोटाशी धरल्यावर एखादं मोठं पातेलं धरल्यासारखं वाटतं. मी प्लग न लावता एक तार छेडली. आतल्या पोकळीतून आवाज बरगड्यांपर्यंत आला. माझ्या जुन्या बेसला कान लावावा लागायचा, याला लागत नव्हता.

मग अँपला जोडला. स्विच ५००वर होता. छान, जाड, ओळखीचा आवाज. 'व्हाइट रॅबिट'ची सुरुवात वाजवली, घरातली म्हातारी माणसंही बाहेर येऊन बघून गेली. कतारवाला म्हणाला, "अंकल, पन्नासवर करा." अंकल ऐकून जरा लागलं, पण केला.

आवाज एकदम खाली गेला. इतका, की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, काही बिघडलं की काय म्हणून. मी अँपचा नॉब वर नेत गेलो. पाच, सहा, सात. आणि मग तो आला. सुराच्या आधी बोटाचा स्पर्श, सुरानंतर लाकूड. माझ्या चुकाही तितक्याच स्वच्छ ऐकू येत होत्या. तिसऱ्या बोटाची ती जुनी खोड, जी माझा जुना बेस इतकी वर्षं पोटात घालत आला होता.

वसईवाला आत गेला आणि एक बॅग घेऊन आला. चेन उघडली. मानेपाशी उडालेला रंग आता आणखी उडाला होता, पट्ट्याचं बटण बदललेलं होतं, मागे कुणीतरी छोटा क्रॉस चिकटवला होता. माझ्या हातात देईल असं मला क्षणभर वाटलं. पण त्याने तो स्वतःच्याच गळ्यात घातला, दुसऱ्या अँपला जोडला आणि शिंगाला कान टेकवून जाड तार लावायला घेतली.

"दादा, 'ई' द्या," तो म्हणाला.

मी दिला.